हार्ड डिस्कची पुनर्विभागणी आणि लिनक्स प्रणालीचे सुरक्षित स्थलांतर

पुणे हे दफ्तरांचे शहर आहे. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत अभ्यासकांच्या परिचयाची आहेच. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणारी यादी हरवली, किंवा रुमालांचे क्रमांक बदलले आणि यादी मात्र जुनीच राहिली, तर कागद शाबूत असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने तो नाहीसाच झालेला असतो. संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविलेल्या माहितीची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही. पुष्कळदा माहिती असते तेथेच असते. तिच्यापर्यंत नेणारी नोंद तेवढी मोडलेली असते. डिस्कची पुनर्विभागणी करताना आणि एका डिस्कवरील लिनक्स प्रणाली दुसरीवर नेताना जे अपघात घडतात त्यांतील बरेचसे ह्याच जातीचे होत.

लिनक्स ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ह्या संस्थेचा परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्याचा आणि लिनक्सचा मात्र संबंध नव्हता. पुढे पुण्याच्या वैज्ञानिक संशोधनात लिनक्सने जे स्थान मिळविले ते सर्वश्रुत आहे. नारायणगावाजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांचा समूह जोडून यंत्रणा उभी करण्यात आली, हे ह्याचे ठळक उदाहरण होय. अशा ठिकाणी डिस्कची देखभाल करणारा तज्ज्ञ वर्ग असतो. परंतु विद्यापीठाच्या भाषा, इतिहास किंवा समाजशास्त्र विभागात कोपऱ्यातील टेबलावर जो एकच लिनक्स-संगणक वर्षानुवर्षे चालत असतो, ज्यावर कोशाच्या नोंदी, हस्तलिखितांची छायाचित्रे आणि निवृत्त अध्यापकांची टिपणे साठलेली असतात, त्याची डिस्क भरली म्हणजे ते काम एखाद्या उत्साही संशोधक विद्यार्थ्याकडे येते. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

डिस्कची रचना समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या समान कप्प्यांची एक लांबलचक रांग. ह्या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कवर एका सेक्टरात ५१२ बाइट मावत. अलीकडील डिस्कवर आतील सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो. ही रांग अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत एका कामासाठी राखून ठेवली, म्हणजे ते एक पार्टिशन झाले. पार्टिशनला भिंत नसते. डिस्कच्या प्रारंभी एक छोटासा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक पार्टिशनचा आरंभ व शेवट लिहिलेला असतो, एवढेच. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र बदलले म्हणून माती हलत नाही. तद्वत तक्त्यातील आकडा बदलला म्हणून डिस्कवरील मजकूर हलत नाही. म्हणूनच चुकून पुसला गेलेला तक्ता, त्यानंतर डिस्कवर दुसरे काही लिहिले नसेल तर, पुष्कळदा जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. आणि म्हणूनच, तक्ता बदलल्यावर ‘काही झाले नाही’ असे वाटून पुढे काम चालू ठेवणे हे अत्यंत धोक्याचे असते.

तक्त्याच्या दोन पद्धती आढळतात. जुनी पद्धत १९८३ पासूनची. तिच्यात डिस्कच्या पहिल्याच सेक्टरातील ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या कार्यक्रमासाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. एका नोंदीस १६ बाइट लागत असल्यामुळे मुख्य पार्टिशने चारच होऊ शकतात. आणि सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहावयाची असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच ह्या तक्त्यात मावते. नव्या पद्धतीस जीपीटी म्हणतात. तिच्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, तक्ता बिघडला आहे की नाही हे ओळखण्यासाठी ताळ्याची बेरीज असते, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. ह्या दुसऱ्या प्रतीचे महत्त्व आणीबाणीच्या वेळीच कळते. लहान डिस्कची हुबेहूब प्रत मोठ्या डिस्कवर उतरविली, तर ही प्रत नव्या डिस्कच्या मध्येच कोठेतरी पडून राहते. ती शेवटी नेऊन ठेवण्याचे काम आठवणीने करावे लागते.

पार्टिशनच्या आत फाइल-व्यवस्था असते. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे, तिचा मालक कोण, ती केव्हा बदलली, ह्या सर्वांचा हिशेब हीच ठेवते. लिनक्सवर सर्वाधिक परिचित असलेली ईएक्सटी-४ ही व्यवस्था २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. पार्टिशन आणि फाइल-व्यवस्था ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि दोहोंना आपापली लांबी स्वतंत्रपणे ठाऊक असते. पुनर्विभागणीतील बहुतेक अनर्थ ह्या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतात.

पार्टिशन लहान करावयाचे असेल तर आधी आतील फाइल-व्यवस्था आक्रसून घ्यावी आणि मग पार्टिशनची हद्द अलीकडे आणावी. पार्टिशन मोठे करावयाचे असेल तर ह्याच्या उलट : आधी हद्द पलीकडे न्यावी, मग फाइल-व्यवस्था पसरू द्यावी. पहिल्या प्रकारात क्रम चुकला, तर फाइल-व्यवस्थेची शेपूट हद्दीबाहेर राहते. यंत्र त्या क्षणी कदाचित तक्रारही करणार नाही. पण ती मोकळी झालेली जागा दुसऱ्या पार्टिशनला दिली आणि तेथे लिहिणे सुरू झाले, की शेपटीतील फाइली कायमच्या गेल्या. ईएक्सटी-४ लहान करावयाची असल्यास ती वापरात असून चालत नाही. म्हणजे मूळ प्रणालीचे पार्टिशन लहान करताना संगणक पेनड्राइव्हवरील दुसऱ्या लिनक्सवरून सुरू करावा लागतो. एक्सएफएस ही व्यवस्था तर मोठी करता येते, लहान करण्याची सामान्य सोय तिच्यात नाही. विंडोजचे पार्टिशन शेजारी असेल तर ते विंडोज पूर्णपणे बंद केलेले असावे. शीघ्र प्रारंभाच्या सोयीमुळे ते अर्धवट निजलेल्या अवस्थेत असते, आणि अशा पार्टिशनला हात लावणे म्हणजे नसते संकट ओढवून घेणे होय.

येथे एका फसव्या गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. डिस्क बनविणारे लोक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी, अर्थात एक अब्ज बाइट, असे मानतात. पुष्कळ कार्यक्रम मात्र २ च्या ३० व्या घातास, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांस, गिगाबाइट म्हणतात. डब्यावर १००० गिगाबाइट लिहिलेली डिस्क संगणकावर ९३१ दिसते ती ह्यामुळेच. दुकानदाराने त्यात काही लबाडी केलेली नसते. परंतु पुनर्विभागणीच्या वेळी हा भेद केवळ कुतूहलाचा राहत नाही. समजा, १०० गिगाबाइटांची फाइल-व्यवस्था आक्रसण्यास सांगताना कोणी ५८ हा आकडा दिला, आणि पार्टिशन कापताना, दोन गिगाबाइट सुरक्षिततेसाठी सोडले अशा समजुतीने, ६० हा आकडा दिला. पहिल्या कार्यक्रमाने ५८ चा अर्थ दुहेरी पद्धतीने घेतला, म्हणजे ६२.२८ अब्ज बाइट. दुसऱ्याने ६० चा अर्थ दशमान पद्धतीने घेतला, म्हणजे ६० अब्ज बाइट. सोडलेली जागा शिल्लक राहणे दूरच, उलट फाइल-व्यवस्थेचा सव्वादोन अब्ज बाइटांहून अधिक भाग हद्दीबाहेर गेला. रिसाइझ-टू-एफएस आणि पार्टेड ही नेहमीच्या वापरातील दोन साधने एकापाठोपाठ एक चालविली असता नेमके असे घडू शकते. ह्यावर उपाय साधा आहे. फाइल-व्यवस्था हव्या त्या मापापेक्षा बरीच अधिक आक्रसावी, पार्टिशन योग्य मापाचे करावे, आणि मग आकडा न देता फाइल-व्यवस्थेस पार्टिशनभर पसरण्यास सांगावे. जीपार्टेडसारखे चित्ररूप साधन ही सारी जुळवाजुळव स्वतःच करते. हाताने आज्ञा लिहिण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांनी निदान सेक्टरांत मोजावे.

पार्टिशनचा शेवट हलविणे आणि आरंभ हलविणे ह्यांत महदंतर आहे. शेवट हलविताना बहुतेक मजकूर जागच्या जागी राहतो. आरंभ हलवावयाचा झाल्यास मात्र पार्टिशनमधील सर्व मजकूर एकेक तुकडा उचलून सरकवावा लागतो, आणि जुनी जागा व नवी जागा एकमेकींवर पडत असल्यामुळे काम अर्ध्यावर असताना जुनी प्रतही पुरी नसते आणि नवीही पुरी नसते. नेमक्या त्याच वेळी वीज गेली तर उरते ती दोहोंची खिचडी. शेकडो गिगाबाइटांच्या डिस्कवर हे काम तासन्तास चालते. पुण्यातील वळवाच्या पावसाळी संध्याकाळी ते आरंभणे शहाणपणाचे नव्हे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, मेजावरच्या संगणकास यूपीएस असावा, आणि शक्य असेल तर हा प्रकार मुळातच टाळावा. शंभर-दोनशे गिगाबाइटांसाठी जुन्या डिस्कवर अशी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा नवी डिस्क आणून तीवर हवी तशी विभागणी करावी आणि प्रणाली तिकडे न्यावी, हाच मार्ग बहुतेक प्रसंगी अधिक श्रेयस्कर ठरतो. कारण स्थलांतरात मूळ प्रत अबाधित राहते. पुनर्विभागणीत मूळ प्रतीवरच प्रयोग होतो.

दोन्ही मार्गांना राखीव प्रत आधी हवीच. पुण्यास ह्या विषयाचे धडे पूर्वीच मिळाले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील घरांबरोबर घरोघरीचे कागदही नेले. ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांची रिळे जळून गेली. एका इमारतीत असलेल्या दोन प्रती ह्या अशा प्रसंगी एकाच प्रतीच्या बरोबर असतात. म्हणून एक प्रत विभागात आणि दुसरी निराळ्या ठिकाणी असावी. राखीव प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. तिच्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नसून केवळ आशा असते. डिस्कचा तक्ताही एका मजकूर-फाइलीत उतरवून ती फाइल अन्यत्र ठेवावी. हे काम एका आज्ञेत होते, आणि तो कागदावर छापून ठेवल्यास उत्तम.

तसेच, हात घालण्यापूर्वी जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. आधुनिक डिस्क आपल्या आरोग्याची नोंद स्वतः ठेवते. निकामी झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची संख्या तीत वाढत चालली असेल, तर ती डिस्क आक्रसण्या-पसरण्याच्या लायकीची राहिली नाही असे समजावे. अशा वेळी डीडी-रेस्क्यू ह्या कार्यक्रमाने तिची सेक्टर-प्रत काढावी. हा कार्यक्रम आधी सुखाने वाचता येणारा भाग उतरवून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मरणोन्मुख डिस्ककडून दुरुस्तीचे काम करवून घेणे हे तिला पुढे ढकलण्यासारखेच आहे.

आता प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळू. प्रत दोन प्रकारे करता येते. सेक्टरामागून सेक्टर उतरविणे हा एक प्रकार. फाइलीमागून फाइल उतरविणे हा दुसरा. पहिला विचाराला सोपा, पण त्यात रिकामी जागाही उतरविली जाते, नवी डिस्क निदान जुनीएवढी मोठी लागते आणि जुन्या विभागणीतील सारे दोषही नव्या घरी येतात. शिवाय त्यात एक सूक्ष्म धोका आहे. ईएक्सटी-४ सारख्या प्रत्येक लिनक्स फाइल-व्यवस्थेस १२८ बिटांचा एक ओळख-क्रमांक असतो. त्याला यूयूआयडी म्हणतात. सेक्टर-प्रतीत हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो, आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर एकाच नावाची दोन माणसे एका घरात राहावीत असा प्रकार होतो. कर्नेल कोणाला हाक मारील ह्याचा नेम राहत नाही. म्हणून अशी प्रत झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवावी, नाहीतर एकीचा क्रमांक बदलावा.

फाइलीमागून फाइल उतरविण्यास आरसिंक हा कार्यक्रम योजतात. साध्या प्रतीत जे हरवते ते जपण्यासाठी त्याला स्पष्ट सूचना द्याव्या लागतात : परवाने व मालकी, विस्तारित गुणधर्म, एकाच फाइलीची दोन नावे असतील तर ते नाते, आणि मालकांची नावे न पाहता त्यांचे क्रमांकच जपणे. शेवटची सूचना विशेष महत्त्वाची. लिनक्सला माणसांची नावे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. अनेक प्रकारच्या लिनक्सवर पहिल्या वापरकर्त्यास १००० हा क्रमांक मिळतो. पेनड्राइव्हवरील प्रणालीत नावे निराळी असल्यामुळे नावांवरून प्रत केल्यास एका संशोधकाची टिपणे दुसऱ्याच्या मालकीची होऊन बसतात. ज्या फाइली वस्तुतः डिस्कवर नसतात, कर्नेल चालू असता त्या त्या क्षणी निर्माण करतो, अशा प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन ह्या डिरेक्टरींतील मजकूर वगळावा. त्या डिरेक्टरी मात्र रिकाम्या स्वरूपात असाव्या लागतात. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींची प्रत घेऊ नये. कोशाच्या नोंदी एखाद्या डेटाबेसमध्ये असतील तर आधी त्याच्याच साधनाने मजकूर बाहेर काढून ठेवावा, नंतर तो बंद करावा, मग प्रत घ्यावी.

फाइली उतरल्या म्हणजे प्रणाली उतरली असे नव्हे. संगणक सुरू होताना कामे साखळीने होतात, आणि साखळीतील प्रत्येक दुव्यास डिस्कचा पत्ता ठाऊक असावा लागतो. प्रथम यंत्रातील मूळ कार्यक्रम डिस्कवरील ग्रब ह्या प्रारंभ-कार्यक्रमास बोलावतो. ग्रब कर्नेल आणि एक छोटी प्रारंभिक रॅम-प्रतिमा स्मृतीत आणतो. ती प्रतिमा मूळ पार्टिशन शोधून जोडते. आणि शेवटी प्रणाली एफएसटॅब ह्या फाइलीत पाहून उरलेली पार्टिशने जोडते. नव्या डिस्कवर फाइल-व्यवस्था नव्याने उभारली असल्यामुळे तिचा यूयूआयडी नवा असतो. एफएसटॅबमध्ये तो बदलावा. मग पेनड्राइव्हवरील प्रणालीतून नव्या डिस्कच्या आत जाऊन ग्रब पुन्हा बसवावा आणि प्रारंभिक प्रतिमा पुन्हा तयार करावी. डेबियन कुळातील प्रणालीत आणि फेडोरा कुळातील प्रणालीत ह्या शेवटच्या कामाच्या आज्ञा निराळ्या आहेत, काम एकच. स्वॅपचे पार्टिशन विसरले जाते ते येथेच : यंत्र निजविताना स्मृती त्यात ठेवली जाते, जुन्या स्वॅपचा क्रमांक प्रतिमेत राहून गेला तर सुरू होताना यंत्र न मिळणाऱ्या पार्टिशनची वाट पाहत काही काळ थांबून राहते आणि सर्वांना वाटते की नवी डिस्कच संथ आहे.

नव्या यंत्रांत यूईएफआय पद्धत असते. तिच्यात प्रारंभ-कार्यक्रम फॅट पद्धतीच्या एका लहान पार्टिशनमध्ये असतो, आणि तो कोठे आहे ही नोंद डिस्कवर नसून यंत्राच्या मूळ पट्टीवरील स्मृतीत असते. डिस्क एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातली की ही नोंद मागे राहते, म्हणून ती नव्याने करावी लागते.

सारे जुळले आणि संगणक सुरू झाला, तरी एक तपासणी उरतेच. जुनी डिस्क जोडलेलीच असेल तर प्रारंभ-कार्यक्रम नव्या डिस्कवरून आणि मूळ पार्टिशन मात्र जुन्या डिस्कवरून, असा मिश्र संसार महिनोन्महिने सुरळीत चालू शकतो. कोणास पत्ता लागत नाही. आणि एके दिवशी ‘आता ह्या जुन्या डिस्कचा काय उपयोग’ म्हणून ती पुसली जाते. स्थलांतर यशस्वी झाले असे म्हणण्यापूर्वी जुनी डिस्क काढून संगणक निदान दोनदा सुरू करून पाहावा, हा नियम ह्यासाठीच आहे.

मराठी सामग्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते, आणि इंग्रजी पुस्तकांत ती सहसा सांगितलेली नसते. फाइलींना देवनागरी नावे देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. लिनक्स एका नावास २५५ बाइटांपर्यंत जागा देतो. विंडोजच्या एनटीएफएसची मर्यादाही २५५ हीच दिसते, पण ती बाइटांची नसून १६ बिटांच्या एककांची आहे. युनिकोडमधील देवनागरीचे एक चिन्ह विंडोजवर एका एककात मावते; लिनक्सवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ लेखनात त्याला ३ बाइट लागतात. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नाव ८५ चिन्हांहून लांब असू शकत नाही. ही चिन्हे म्हणजे अक्षरेही नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ह्या प्रत्येकाचे चिन्ह स्वतंत्र मोजले जाते. ‘महाराष्ट्र’ हा वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द. संगणकाच्या दृष्टीने ती १० चिन्हे आणि ३० बाइट. हस्तलिखिताचे नाव, कर्ता, शक, लेखनस्थळ आणि संग्रहातील क्रमांक हे सर्व फाइलीच्या नावातच घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या विंडोजवरील कित्येक फाइली लिनक्सकडे नेताना वाटेतच अडतात. कार्यक्रम चुकांची यादी दाखवितो, परंतु लक्षावधी ओळींच्या त्या यादीत दहा-वीस चुका कोणाच्या नजरेस पडणार? प्रतीचा अहवाल फाइलीत साठवून त्यातील चुकाच तेवढ्या वेगळ्या काढून पाहाव्यात.

दुसरी अडचण ह्याहून सूक्ष्म आहे. ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ ह्या शब्दांत जो ऱ येतो त्याला युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे; पण तोच ऱ साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि युनिकोडच्या मते ही दोन्ही लेखने समानार्थक आहेत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस ह्या व्यवस्थेत नावे साठविताना अशी चिन्हे फोडून दोन केली जात. लिनक्स मात्र नावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहतो; अर्थ पाहत नाही. त्यामुळे ‘कऱ्हाड’ हे नाव एका प्रतीत १८ बाइटांचे आणि मॅकवरून फिरून आलेल्या प्रतीत २१ बाइटांचे असते, आणि एकाच डिरेक्टरीत त्याच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी सुखाने नांदतात. दिसायला दोन्ही सारख्याच. पुढे एकीत दुरुस्त्या होतात, दुसरी जुनी राहते, आणि कोणती खरी ह्याचा वाद संपादकांच्या बैठकीत सुरू होतो. इंग्रजी नावांना हा त्रास नाही. मराठीत तर ऱ वारंवार येतो. मॅकवरील जुन्या डिस्कवरून सामग्री आणावयाची असल्यास नावांचे लेखन एकरूप करून घेण्याची सोय आरसिंकमध्ये आहे, ती वापरावी. आणि प्रत झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या पडताळून पाहावी.

फाइलींच्या आतील मजकुराविषयी एकच सावधगिरी सांगावयाची. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे पुण्यात जे मराठी टंकलेखन झाले, त्यातील पुष्कळसे युनिकोडमध्ये नाही. पुण्याच्याच श्रीलिपीसारख्या पद्धतींत अक्षराचे तुकडे टंकाच्या विशिष्ट स्थानी ठेवलेले असत. तो टंक नसेल तर तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांची माळ म्हणून दिसतो. स्थलांतरात असा मजकूर बाइट न बाइट शुद्ध उतरतो, आणि तरीही वाचता येत नाही. मग नव्या माणसाची समजूत होते की फाइली ‘खराब’ झाल्या, आणि तो त्या काढून टाकतो. म्हणून टंकांच्या फाइली, त्या कोणत्या डिरेक्टरीत होत्या ह्याच्या नोंदीसह, बरोबर न्याव्यात. ह्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे इष्ट आहे. परंतु ते स्थलांतराच्या दिवशी करू नये. दोन बदल एकदम झाले म्हणजे चूक कोणत्या बदलात झाली हे शोधता येत नाही.

प्रत बरोबर उतरली की नाही हे पाहण्यासाठी आरसिंक दुसऱ्यांदा, ह्या वेळी वेळ व आकार न पाहता मजकुराची ताळ्याची बेरीज पाहण्यास सांगून, आणि काहीही न लिहिता फक्त फरक दाखविण्याच्या सूचनेसह चालवावा. ह्याला वेळ लागतो. एक टेराबाइटची साधी फिरती डिस्क असेल तर काही तास सहज जातात. हे काम रात्री लावून सकाळी अहवाल पाहावा.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. ती यंत्रातून काढून, तीवर तारीख, जुन्या यंत्राचे नाव आणि ‘ह्या तारखेपर्यंतची मूळ प्रत’ असे मराठीत लिहून, विभागाच्या कपाटात ठेवावी. निदान एक शैक्षणिक वर्ष उलटेपर्यंत, कारण काही फाइली वर्षातून एकदाच, वार्षिक अहवालाच्या किंवा परीक्षेच्या वेळी, उघडल्या जातात. ती जर फिरती डिस्क नसून चिपांची एसएसडी असेल, तर मात्र ती विजेवाचून वर्षानुवर्षे पडून राहू देऊ नये; तीतील विद्युतभार हळूहळू क्षीण होतो. अशी डिस्क कपाटात ठेवण्याऐवजी तिचा मजकूर फिरत्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि सुरुवातीस छापून ठेवलेला तक्त्याचा कागद त्या डिस्कच्याच डब्यात घालावा.